वायू आत की बाहेर

संशय घेणं हा माझा पोटापाण्याचा धंदा होता. हिंजवडीत तीन वर्षं मी दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधत होतो. एखाद्या दिवशी चूक सापडली नाही तर जेवण गोड लागायचं नाही. मग कंपनीच्या बसचा पास परत केला, पगारावर पाणी सोडलं आणि खगोलशास्त्रात संशोधन करायला गेलो. शनिवार पेठेतल्या घरी वडील एवढंच म्हणाले, "छान. आता आकाशातल्या चुका काढा."

संशोधन संस्थेत माझ्यानंतर दोन वर्षांनी एक मुलगी आली, यवतमाळकडची. मराठी शाळेत शिकलेली, "मी तपासून राहिली" असं बोलणारी. मला सर म्हणायची. मी कुठला सर? पण नको असंही कधी म्हटलं नाही.

तिचा विषय कृष्णविवरांचा. लोकांना वाटतं, कृष्णविवर नुसतं गिळतं. पण भोवतीचा वायू आत पडता पडता असा काही तापतो की तिथून झोत सुटतात आणि दीर्घिकेतला लांबलांबचा वायू बाहेर ढकलतात. वायूच गेला तर नवे तारे होणार कशातून? एका दीर्घिकेत असा बाहेर लोटला जाणारा वायू आपल्याला सापडलाय, असं तिचं म्हणणं होतं. आमच्या गाईडनी सांगितलं, हे खरं ठरलं तर परदेशातल्या परिषदेत तूच बोलायचंस, नाहीतर ती जागा दुसऱ्याला. तपासायचं काम माझ्याकडे आलं.

मला पहिल्या मिनिटापासून शंका. इतकं सुबक उत्तर, आणि हिला? आमच्याकडे वेग लिहायच्या दोन पद्धती आहेत, एकच कापड वारात मोजावं किंवा मीटरमध्ये, तसं. दीर्घिकेचा वेग एका पद्धतीने आणि वायूचा दुसऱ्या पद्धतीने धरला, तर आत येणारा वायू बाहेर जाताना दिसू शकतो. नवशिके हमखास इथेच आपटतात. सापडलीस, मी मनात म्हटलं.

तिने आपली वही पुढे केली होती. "सर, यात सगळं लिहून ठेवलंय, एकदा पाहून घ्या ना."

वही मराठीत, गिचमीड अक्षरात. काय असणार त्यात, मेसची तक्रार? "राहू दे," मी म्हटलं, "मला आकडे पुरतात."

आमच्याकडे चहाच्या वेळी व्हरांड्यातल्या फळ्यावर चर्चा व्हायची. मी खडू घेतला, दीर्घिकेचा वेग दुसऱ्या पद्धतीत बदलून लिहिला आणि बाण उलटा काढला, कृष्णविवराकडे. "वायू बाहेर जात नाहीये, आत पडतोय."

"पण सर, मी ते..."

"होतं गं सगळ्यांचं असं," मी म्हटलं. वर आवाजात दया! आजही आठवलं की स्वतःची लाज वाटते. त्याच दिवशी गाईडनी तिच्या जागी दुसऱ्याचं नाव दिलं.

आठवड्याने मी तिच्याच फायलींमधली दुसरी एक दीर्घिका घेतली. तिथला वायू बाहेर जातो, हे जुन्या निरीक्षणांवरून सगळ्यांना ठाऊक होतं. माझ्या पद्धतीने तोही आत पडायला लागला. तसाच उठलो. तिच्या टेबलापाशी जाऊन वही मागितली. पहिल्याच पानावर लाल शाईची चौकट होती: 'वायूचे वेग बदलून घेतले आहेत. पुन्हा बदल करू नये.'

गाढव कुठला! तिने आधीच जुळवलेलं मी पुन्हा जुळवायला गेलो होतो.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी सगळ्यांसमोर फळ्यावर चूक कबूल केली. गाईड म्हणाले, "परिषदेची यादी गेली कालच." माझं तोंड एवढंसं झालं. बाकीचे गेले, ती थांबली.

"एक विचारू सर? माझ्या जागी तुमच्या पेठेतला कोणी असता, तर वही पाहिली असती ना तुम्ही?"

"छे, भलतंच काय! कोणाचीच पाहिली नसती."

तिने माझ्याकडे निरखून पाहिलं. हिंजवडीत मी पडद्याकडे असाच बघायचो, चूक नेमकी कुठे आहे ते कळल्यावर. मग डस्टर घेऊन तिने माझा बाण पुसला, वही काखेत मारली आणि कप विसळायला निघून गेली.

मी खोटं बोललो होतो, आणि ते तिला कळलं होतं.