गुलाबांच्या गालिच्यावरचा गुडघा

माझी नात हिस्के बर्फावर कधीच पडली नाही. पडली ती माझ्या गालिच्यावर.

आमच्या गावातला कालवा गोठला तरी पुलाखालचा बर्फ कच्चाच राहतो. म्हणून सगळ्यांनी काठावर चढायचं, पायातले स्केट्स न काढता रस्ता ओलांडायचा आणि पलीकडे पुन्हा उतरायचं. पाती बोथट होऊ नयेत म्हणून घरोघरचे जुने गालिचे रस्त्यावर अंथरतात. गेल्या हिवाळ्यात मी माझ्या बैठकीतला दिला, लाल गुलाबांचा. बर्फावरून सात गावांची फेरी, प्रत्येक गावी कार्डावर एक शिक्का. हिस्केचे सहा झालेले. सातव्याच्या घाईत बाई गालिच्यावरून पळत सुटली. झालर पात्यात अडकली, पाय तिथंच राहिला आणि हिस्के पुढे गेली.

गुडघा तोच, डावा. आठ वर्षांपूर्वी तो टोपलीत चेंडू टाकायचा कॉर्फबॉल खेळताना त्यातलं लिगामेंट तुटलं, तेव्हा मांडीमागच्या स्नायूचा दोर काढून तिथं बसवला होता. गालिच्यावर तोही तुटला, म्हणून ऑक्टोबरात गुडघा दुसऱ्यांदा कापला. सर्जन म्हणाले, "या वेळी वाटीखालचा घेतलाय. तिसऱ्यांदा आलात तर दोर आणू कुठून?" हिस्के टपाल वाटते, दिवसभर सायकलवर. गुडघा गेला की नोकरीही गेली.

चार महिने ती माझ्या स्वयंपाकघरात पाय वर करायची, खाली करायची आणि मोठ्यानं मोजायची. मोजता मोजता माझे बटाटे करपायचे. व्यायाम करून घेणारी आन्स्के, मुलगी गोड पण जीभ तिखट, तिनं बजावलं होतं, "नऊ महिने बर्फाचं नाव काढायचं नाही."

आणि फेब्रुवारीत कालवा गोठला. लागोपाठ दुसऱ्या वर्षी! एरवी दहा दहा वर्षं वाट बघायला लावतो मेला.

"आजी, मी नुसती बघायला जाते हं."

"बघायला पिशवी कशाला?"

"डबा आहे त्यात."

"डबा एवढा खणखणतो होय गं?"

मी तडक उठले. फेरी भरवणाऱ्या बर्फ मंडळाच्या खोस्सेला गाठलं आणि सांगितलं, "हिला गालिच्यापाशी शिक्के मारायला बसव. शेजारी सुपाचं पातेलं घेऊन मी बसते."

फेरीच्या दिवशी सकाळी हिस्केनं गालिचा उलगडला.

"आजी, झालर कुठे गेली?"

"उंदरांनी खाल्ली."

"इतकी सरळ?"

"आमच्याकडचे उंदीर नेटके आहेत."

दिवसभर तिनं हातातल्या काठीनं रस्ता राखला. "हळू! पाय उचला! अहो काका, तुम्हीच! गालिचा आहे, घसरगुंडी नाही!" लोक मुकाट बदकासारखे चालत गुलाब ओलांडायचे आणि माझं वाटाण्याचं सूप पीत तिच्या तक्रारी करायचे.

तीनच्या सुमाराला ऊन पडलं, कालवा आरशासारखा झाला. हिस्केचा हात टेबलाखालच्या पिशवीकडे गेला. मी पाहिलं. पळी पातेल्यात फिरवत राहिले. ओरडून काय होणार, ती एकतीस वर्षांची आहे.

एवढ्यात काठावरून धाडधाड कोण चढलं? आन्स्के! गाल लाल, कार्ड दातात, निघाली गालिच्यावरून पळत.

हिस्केनं काठी आडवी घातली. "थांब!"

आन्स्केनं कार्ड हातात घेतलं. "अगं सोड, अंधार पडेल! माझे सहा झालेत!"

"माझेही सहाच झाले होते."

आन्स्के थांबली. खाली गुलाबांकडे बघितलं, मग हिस्केच्या गुडघ्याकडे. आणि एकेक पाऊल उचलत, अगदी रुग्णासारखी, पलीकडे गेली. हिस्केनं तिच्या कार्डावर असा शिक्का मारला की टेबल हललं.

त्यानंतर तिचा हात पिशवीकडे गेला नाही. आवराआवर झाल्यावर मात्र म्हणाली, "आजी, काठाशी बर्फावर नुसती उभी राहू? घसरू नये म्हणून बुटांवर मोजे चढवून?"

"मीही येते."

उभ्या राहिलो, हातात हात घालून. दोन पावलांतच घसरले कोण? मी! सगळा भार तिच्यावर टाकला. हिस्के हलली नाही. डावा पाय खुंटासारखा घट्ट राहिला.

दोघींनी आधी त्या गुडघ्याकडे बघितलं, मग एकमेकींकडे.

"आजी," ती म्हणाली, "पडू नकोस हं. तुला द्यायला माझ्याकडे दोर उरलेला नाही."

घरी आल्यावर पिशवी तिनं माझ्या हातात दिली. "पुढच्या हिवाळ्यापर्यंत लपवून ठेव. आणि ते तुझे उंदीर सोड राखणीला."