शेवंताच्या टाचेची जागा

महिना झाला या गोष्टीला. ढोलकीच्या कातड्यावरची काळी शाई उडाली म्हणून शेवंतानंच मला जळकोटला धाडलं होतं. तिथंच पुतण्याचा फोन आला, ‘‘काका, काकू गेल्या.’’ शाई भरणारा दुकानदार म्हणाला, राहू द्या आता. मी म्हणालो, न्हाय, काम पुरं करा... ढोलकी अर्धवट घरी नेली असती तर तिनं मेल्यावरही बोल लावला असता.

शेवंता, माझी बायको, तमाशात नाचायची. हे मी लपवत न्हाय, तिनंही कधी लपवलं न्हाय. कुणी तोंडावर ‘नाची’ म्हणालं तर म्हणायची, ‘‘व्हय, आन् लई चांगली नाचते.’’ मी तिचा ढोलकीवाला. बहात्तरच्या दुष्काळात फड बंद पडला आणि आम्ही दोघं भूमकडं खडी फोडायला गेलो. बाकीच्या बायका अनवाणी, ही पायांना गोणपाट गुंडाळून बसायची. मुकादम हसला, ‘‘बाईचे पाय लई नाजूक दिसत्यात.’’ ती म्हणाली, ‘‘हात तुमच्या कामाला दिल्यात, मुकादम. पाय माझ्या कामाला ठेवल्यात.’’ तिचे पाय शाबूत राहिले. माझं मात्र उजव्या हाताचं बोट हातोड्याखाली चेचलं, ते वाकडंच जुळलं.

पुढं पाऊसपाणी झालं, फड पुन्हा उभा राहिला. ढोकीला कारखान्यावर ऊसतोडकऱ्यांपुढं पहिला खेळ ठरला, पण जलद लय माझ्या हातातून निघेना. फडाच्या मालकीणबाई म्हणाल्या, दुसरा ढोलकीवाला बघते. मीही शेवंताला म्हणालो, तू नाच, माझं संपलं... ती घुंगरू बांधत होती. मान वर न करता म्हणाली, ‘‘बोट अडंल तिथं थांबा. तेवढी जागा मी टाचेनं भरते.’’

तसंच झालं. ढोलकी थांबली की तिची टाच पडायची, एकटी, स्वच्छ... मग मी लय पुन्हा धरायचो. तोडकरी उठून उभे राहिले. मालकीणबाईंनी दुसऱ्या ढोलकीवाल्याचं नाव पुन्हा काढलं न्हाय. पुढं दुसऱ्या फडांतल्या पोरी तो थांबा शिकायला यायच्या. शेवंता शिकवायची, माझ्या बोटाचं मात्र कधी सांगितलं न्हाय.

गुडघे गेल्यावर ती बाजेवर बसून टाच द्यायची. तिथली फरशी झिजलीय. अजूनही रोज संध्याकाळी मी त्या फरशीसमोर वाजवायला बसतो, बोट अडतं तिथं थांबतो. पुतण्या म्हणतो, ‘‘काका, वाजवताना आता कुणासाठी थांबता?’’ बोट आज सरळ झालं तरी मी तिथं थांबणार.