डाळिंबाचा ताण आणि माझी मायाळू पेटी

मी सांगलीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात यंत्रांना शहाणपण शिकवते. बदलत्या परिस्थितीशी जुळवून घेणारी यंत्रं, असं वर्गात म्हणते. घरी विचारलं तर नुसतं ‘आपोआप चालणारी’. त्यातलंच एक मी आटपाडीजवळच्या आमच्या डाळिंबाच्या बागेत बसवलं. मुळांशी सेन्सर, बांधावर पेटी. माती कोरडी पडली की पेटी स्वतःच ठिबक सोडायची, ऊन वाढलं की पाणी वाढवायची. वडील, म्हणजे आमचे दादा, येईल त्याला ती दाखवत. “लेकीनं केलीया,” एवढंच सांगत, पण तीनतीनदा.

डाळिंबाचा बहार धरायचा तर आधी ताण द्यावा लागतो. महिना-दीड महिना पाणी तोडायचं, पानं पिवळी पडून गळू द्यायची. मग पाणी सोडलं की झाड फुलतं. आमच्याकडे हे शेंबडं पोरही सांगेल. इंजिनिअर लेकीच्या पेटीला ते ठाऊक असणारच, असं धरून दादांनी ठिबकचा कॉक बंदच केला नाही. आणि त्याच बागेच्या पैशावर शिकलेल्या मला ताणाची आठवणसुद्धा झाली नव्हती.

महिना उलटला तरी पान पिवळं पडेना. पेटी इमानेइतबारे झाडांना पाणी पाजत होती. हे ध्यानात आल्यावर दादांचा फोन आला. “तुझी पेटी लय मायाळू हाय गं. यंदाचा बहार घालवती बघ.” मला इतकी लाज वाटली की रविवारची वाट न बघता मी एसटी धरली.

पेटीला मी ताणाचं बटण बसवलं. पाणी तोडायचं-सोडायचं ते दादांनी. पेटीने फक्त मातीची खबर त्यांच्या मोबाइलवर द्यायची. ताण नव्याने सुरू झाला. उशिरा का होईना, बहार यायलाच हवा होता. वर्षाची सगळी भिस्त त्यावर होती.

पंधरा-सोळा दिवसांनी पुन्हा दादांचा फोन. जेवलीस का वगैरे झालं. मग म्हणाले, “ती पेटी रोज निरोप धाडती. माती सुकली, पाणी पायजे.”

“तिचं कामच आहे ते. तुम्ही लक्ष देऊ नका.”

“व्हय. पर इतकी वरसं ताण देतूया, झाडानं कवा मागितलं न्हवतं.”

मी हसू दाबलं. “पानं गळेपर्यंत पाणी नाही, दादा.”

“ते मला म्हायती हाय,” ते म्हणाले. “उलीसं, घोटभर द्यायचं का, इचारतूय.”

मला हो म्हणावंसं फार वाटलं. बहार डोळ्यांपुढे आणला आणि नाही म्हटलं.