दाजींनी फोडलेला शेवटचा नारळ

पिंप्राळ्याहून शेजाऱ्यांच्या फोनवर निरोप आला, तेव्हा मी स्कूटरला किक मारमारून घामाघूम झालो होतो. दाजी गेले. झोपेतच. आयुष्यभर दुसऱ्यांच्या जिवाची धास्ती बाळगणारा माणूस कुणाला चाहूल न देता गेला...

दाजी म्हणजे माझ्या अक्काचे यजमान, मूळचे धुळ्याचे, पुढं पिंप्राळ्यात स्थायिक झालेले. विमान तपासायचं आणि ते उडायला लायक असेल तरच सही करायची, ही त्यांची नोकरी. मला यंत्रातलं कळतं ते एवढंच की चालत नसेल तर लाथ घालावी. तरी आमच्या गावात, असोद्यात, मी छाती फुगवून सांगायचो, "आमच्या दाजींच्या सहीशिवाय विमान उडत नाही!" पुढं कळलं, उडतं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. कपाशीवर अळी पडली होती आणि फवारणीसाठी दाजींच्या कंपनीचं छोटं विमान आमच्या गावाजवळच्या माळावर उतरलं होतं. पंखाच्या आधाराच्या जोडाला दाजींना केसाएवढी चीर दिसली. त्यांनी सही नाकारली. साहेब म्हणाले, "चीर कुठंय, रंग उडालाय. अळी काय तुमच्या सहीसाठी थांबणारेय?" मग दुसऱ्या शहरात बसलेल्या, विमान डोळ्यांनी न पाहिलेल्या कुणाची तरी सही आली. ते कळताच दाजी माळावर निघाले, वैमानिकाला स्वतः अडवायला.

पण माळावर आमचे आबा अख्खं गाव घेऊन उभे. पूजेचं ताट, हलगी, हार... जावयाला पाहताच आबांनी त्यांच्या डोक्यावर टोपी चढवली, हातात नारळ दिला.

"जवाईबुवा, नारय तुमच्याच हातानं फुटला पाहिजे!"

"आबा, आधी मला त्यांच्याशी बोलू द्या."

"बोलजा मंग! पहिले मुहूर्त सांभाया."

भरगावात सासऱ्याच्या हातचा नारळ परत करणारा जावई आमच्या खान्देशात अजून जन्मायचाय. दोन मिनिटांचंच तर काम, असं म्हणून दाजींनी तो फोडला. वैमानिक, कोवळा पोरगा, विमानात बसलेलाच होता. वरून हसत ओरडला, "साहेब, तुम्ही सही अडवली म्हणून धाकधूक होती. आता तुम्हीच नारळ फोडलात म्हणजे झालं!" पंखा फिरू लागला. दाजी दोन्ही हात हलवत धावले. गावाला वाटलं, निरोप देताहेत. पोरानंही हात हलवला... प्रसादाचं खोबरं माझ्या तोंडात होतं, तेव्हा कपाशीपलीकडे धूर दिसला.

चौकशीत चूक वैमानिकाची ठरली. मेलेला माणूस अपील करत नाही. साहेब साहेबच राहिले. दाजींची सही नव्हती, म्हणून त्यांना कुणी काही विचारलंच नाही. मी आपला शहाणपणानं म्हणालो, "दाजी, सुटलात."

ते म्हणाले, "सही चौकशीवाल्यांनी पाहिली रे. त्या पोरानं नारळ पाहिला."

त्यानंतर लग्नात, सत्कारात मिळालेला एकही नारळ त्यांनी फोडला नाही, घरात फोडू दिला नाही. उत्तरकार्य झाल्यावर अक्का मला आतल्या खोलीत घेऊन गेली. फळीवर नारळांची रांग होती. "घेऊन जाय भाऊ एखादा, चटणी व्हईल." चटणीला मी सहसा नाही म्हणत नाही. एक उचलून हलवला. पाणी केव्हाच आटलेलं. आत खोबरं सुटून खडखडत होतं. अक्का दचकून माझ्या हाताकडे पाहत राहिली... मी तो जागेवर ठेवला, शेंडी भिंतीकडे करून. बाकीचे सगळे तसेच ठेवलेले होते.