फ्रीजवाल्या चाचांचा सवाल

पोटाबाहेर लेकरू वाढवायचा ध्यास आजवर जगात दोनच ठिकाणी घेतला गेला असावा: एक परदेशातल्या कुठल्याशा मोठ्या प्रयोगशाळेत आणि दुसरा परळीत, आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या चाचांच्या फ्रीज दुरुस्तीच्या दुकानात. त्या प्रयोगशाळेचं मला काही माहीत नाही. चाचांचं मात्र शपथेवर सांगते, या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांचे फ्रीज थंड केले आणि स्वतःचे गरम केले. दुकानात मागच्या भिंतीला चार मोडके फ्रीज उभे असत. त्यात बर्फाऐवजी बल्ब, पाण्याची वाटी आणि अंडी. गावरान कोंबडीची, बदकाची, टर्कीची, जी मिळतील ती. चाचा-चाचींना मूलबाळ नव्हतं. लग्नाला तीस वर्षं झालेली, दवाखाने झाले, दर्गे झाले, आणि मग केव्हातरी या अंड्यांचं सुरू झालं. गल्लीत कुणी ते बोलून दाखवत नसे, पण कळत सगळ्यांना होतं.

अंड्याची ऊब ते पापणीला लावून बघत. थर्मामीटर होता, पण त्याच्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "चायनाचा माल हाय, पापणी घरची हाय," म्हणायचे. मग ही सवय इतकी वाढली की चहाची बशी, गिऱ्हाइकाच्या फ्रीजची नळी, भाजीवाल्याचं टरबूज, जे हातात येईल ते आधी पापणीला. गल्लीतल्या बाया तापानं फणफणलेली पोरं घेऊन त्यांच्याकडं जात. चाचा डोळा मिटून पोराच्या कपाळाला टेकवत आणि 'एकशे एक' किंवा 'दवाखाना' असं दोनच प्रकारचं निदान देत. चुकायचे क्वचितच.

आता परळीत वीज तयार होते आणि परळीतच जाते, हे काय मी नव्यानं सांगायला नको. एकदा सलग दोन दिवस लाइट नव्हती. फ्रीजमध्ये साठ-सत्तर अंडी, पिल्लं निघायला तीन-चार दिवस उरलेली. चाचा वेड लागल्यासारखे घरोघर फिरले आणि अंडी वाटून आले. गोधडीत ठेवा, बाजरीच्या कोठीत ठेवा, पण गार पडू देऊ नका. आमच्या सासूबाईंच्या घरात उभ्या जन्मात अंड्यानं उंबरा ओलांडलेला नव्हता. त्यात त्या दिवशी एकादशी. चाचा दारात हात जोडून उभे. "भाभी, खायची न्हाईत, सांभाळायचीत," एवढंच म्हणाले. सासूबाईंनी देवघराचा पडदा ओढून घेतला आणि पाच अंडी आपल्या जुन्या लुगड्यात गुंडाळून पोटाशी धरली. दोन दिवस त्या बसून होत्या हो! उठायची वेळ आली की मला हाक मारायच्या. पाचातल्या चारांतनं पिल्लं निघाली. पुढं महिनाभर त्या रोज दुकानात जाऊन 'माझी कुठली' म्हणून विचारत, आणि चाचा दरवेळी वेगळीच पिल्लं दाखवत.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना कुणीतरी त्यांना मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. मेंढीचं कोकरू, दिवस भरायच्या आधी पोटातनं काढलेलं, पाण्याच्या पारदर्शक पिशवीत जिवंत, पाय हलवतंय. झालं! त्या दिवसापासून चाचांचं दुकानातलं लक्ष उडालं. येईल त्याला एकच सवाल: उद्या माणसाचं असं मशीन निघालं, तर ज्या बाईला लेकरू नको तिच्या पोटातनं ते काढून मशीनमध्ये ठेवायचं आणि ज्याला पाहिजे त्याला द्यायचं. "मंग पाडायचं कावून? पाप न्हाई, गुन्हा न्हाई, कुणाचं कायच वाईट न्हाई. सांगा, यात खोट काय?"

गल्लीतल्या शहाण्या माणसांनी जमेल तसा पळ काढला. मौलवीसाहेबांनी मशिदीतल्या कूलरचं काम काढलं. कीर्तनकार बुवांनी घरच्या मिक्सरचं काढलं. नांदूरघाटाकडचा एक मेंढका फ्रीज न्यायला आला होता, त्यानं मात्र व्हिडिओ नीट दोनदा बघितला आणि विचारलं, की पिशवीतनं निघाल्यावर ह्याला पाजती कोणची मेंढी? मेंढी हुंगून घेती आधी, आपलं नसलं की लाथ मारती. चाचांनी तो व्हिडिओ पुन्हा लावून बघितला. मग दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना गाठलं. त्या म्हणाल्या, "चाचा, मशीन येऊ दे की. पण मशीनमध्ये घालायला आधी बाईची सही लागेल." चाचा खूश होऊन परतले. सहीचं काय, म्हणाले, सही तर कुणीबी देईल.

त्याच उन्हाळ्यात मला दिवस गेले. माझी मुलगी दहा महिन्यांची होती. सहा वर्षं वाट बघून शिक्षिकेची नेमणूक हातात आलेली, नांदूरघाटाजवळच्या शाळेवर, जूनमध्ये हजर व्हायचं. आमचे हे वीज केंद्रात कंत्राटावर, कधी काम असे कधी नसे. आम्ही दोघांनी दोन दिवस विचार केला आणि हे मूल ठेवायचं नाही असं ठरवलं. रडले का? रडले. पण ठरवलं ते ठरवलं. सासूबाईंना सांगितलं, आणि त्यांच्या पोटात काही राहत नाही. त्यांनी चाचींना सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी चाचा आमच्या दारात. एरवी लांबूनच 'बेटी, चहा टाक' म्हणत यायचे. त्या दिवशी चपला काढून दारातच उभे राहिले. मी आत या म्हटलं तरी येईनात. मला वाटलं, आता समजूत घालतील, पाप सांगतील, आणि मी उत्तरं जुळवायला लागले. त्यांनी तसलं काहीच काढलं नाही. तुझा निर्णय तुझा, म्हणाले, त्यात मी बोलणार नाही. मग उंबऱ्याकडं बघत म्हणाले,

"एकच इचारतो. मशीन आसतं, तर दिलं आसतंस का आमाला?"

वाळत घालायच्या कपड्यांची बादली मी खाली ठेवली. तीस वर्षांचा उपास त्या एका वाक्यात होता, आणि मागत काय होता? नसलेल्या मशीनमधलं नसलेलं लेकरू. मी हो म्हणायला तोंड उघडलं. खरंच उघडलं. आणि तेवढ्यात मला समोर चाचांच्या दारात खेळणारं एक पोर दिसलं, माझ्या मुलीच्याच चेहऱ्याचं, चाचींना अम्मी म्हणणारं, आणि मी खिडकीआडून त्याच्याकडं बघत बसलेली, जन्मभर.

"नाही चाचा," मी म्हणाले. "मला पोटाचं ओझं झालंय म्हणून नाही करत मी हे. मला आत्ता अजून एका लेकराची आई व्हायचं नाही. ते मशीनमधनं निघालं तरी आई मीच राहणार ना."

चाचांनी मान हलवली. दोन-तीनदा हलवली. मग अगदी गिऱ्हाइकाशी बोलावं तसं, अंबाजोगाईच्या दवाखान्यात किती वाजता जायचंय ते विचारलं.

ठरल्या दिवशी सकाळी फ्रीज वाहायचा त्यांचा टेम्पो दारात हजर. पुढच्या सीटवर गोधडीची घडी. आता फ्रीज आडवा करायचा नसतो, हिसका द्यायचा नसतो, हे चाचांच्या हाडात भिनलेलं. त्यांनी मला ताठ बसवलं, दोन्ही बाजूंनी उशा लावल्या, ह्यांना पोरीला घेऊन मागं बसवलं आणि परळी ते अंबाजोगाई टेम्पो असा चालवला की एक सायकलवाला आम्हाला ओलांडून गेला. घाटात मागं गाड्यांची ही रांग! लोक शिव्या देत होते, चाचा काचेतनं हात हलवून सगळ्यांना पुढं काढत होते. माझं होईस्तोवर ते दवाखान्याच्या आवारात लिंबाखाली माझ्या पोरीला घेऊन बसले. हे औषधं आणायला पळत होते. बाहेर आले तेव्हा पोरगी चाचांच्या खांद्यावर झोपलेली आणि त्यांच्या सदऱ्यावर दूध सांडलेलं. येतानाही त्यांनी तोच वेग ठेवला.

त्यानंतर तो सवाल त्यांनी कुणालाच विचारला नाही. व्हिडिओचा विषय कुणी काढला तर हसून कामाला लागत. मी नांदूरघाटाकडं गेले, तिकडंच बिऱ्हाड केलं, सुट्टीला तेवढं येणं. मुलगी आता तिसरीत आहे, आणि तेव्हा तसं ठरवल्याचा पस्तावा मला कधी झाला नाही. ज्या दिवशी पहिल्यांदा पगाराचं पाकीट घरी आणलं, त्या दिवशीही नाही आणि आजही नाही. पण चाचांना दिलेलं ते 'नाही' मात्र मनात अडकून बसलं. मशीन कुठं होतं? द्यायचं काय होतं? एक हो म्हणून टाकलं असतं तर माझं काय गेलं असतं?

चाचा मागच्या हिवाळ्यात गेले. त्याआधीच्या दिवाळीत भेट झाली ती शेवटची. हात थरथरायला लागले म्हणून दुकान बंद केलं होतं. चाची आमच्यासाठी म्हणून शीरखुर्मा करत होत्या, माझी मुलगी त्यांच्याजवळ स्वयंपाकघरात. खाटेवर आम्ही दोघंच होतो. मीच विषय काढला. म्हटलं चाचा, त्या दिवशी मी खोटं का होईना, हो म्हणायला पाहिजे होतं. तुमच्या जिवाला तेवढंच बरं वाटलं असतं.

त्यांचा कान आतल्या आवाजांकडं होता. चाची माझ्या लेकीला काहीतरी सांगत होत्या आणि दोघी हसत होत्या.

"हो म्हणणारे लई होते, बेटी," चाचा म्हणाले. "गल्लीतल्या कुणालाबी इचारलं आसतं तर माझं मन राखायला हो म्हणले आसते. मला खरं पायजे होतं, म्हणून तर तुझ्या दारात आलतो."