किटलीच्या आतला थर

आमचे हे शिंपी. दुकान खाली, बिऱ्हाड वर, आणि मधल्या जिन्यात कप-बश्या. कुठलं हॉटेल बंद पडलं किंवा कुणाच्या घरातली म्हातारी गेली, की हे जुन्या बाजारात हजर. कान तुटलेले कप, तोटी फुटलेल्या किटल्या, सगळं घरी आणतात. मग गळ्यातल्या टेपने कपाचा घेर मोजायचा आणि मला सांगायचं, "बघ, पंचावन्न वर्षांपूर्वीचा आहे!" अहो, पंचावन्न वर्षांची तर मीही आहे, माझं नाही कधी एवढं कौतुक झालं!

बरोबर चारला कात्री खाली. तपकिरी किटलीत चहापत्ती, वर उकळतं पाणी, त्यावर सुटाच्या उरलेल्या कापडाचं टोपडं, आणि पाच मिनिटं चहा मुरू द्यायचा. ही किटली यांची सगळ्यात पहिली, आमच्या लग्नाच्या वर्षी आणलेली. तिला आतून घासायचं नाही, नुसतं गरम पाण्याने विसळायचं. एकतीस वर्षांत आत काळाकुट्ट थर चढला होता. "चव त्या थरात असते," असं हे गिऱ्हाइकाचं माप घेता घेता सांगायचे. घासायला माझे हात नुसते शिवशिवायचे!

महिन्यापूर्वी घरात सून आली. पोर गुणी, पण बावरलेली. चहा आणि कप सोडले तर यांच्या तोंडून शब्द फुटत नाही, त्यामुळे तिला वाटायचं, सासऱ्यांना आपण आवडलोच नाही. "आई, बाबा माझ्यावर रागावलेत का हो?" असं तिने मला दोनदा विचारलं. मी हसण्यावारी नेलं.

परवा दुपारी मी बहिणीकडून परत आले, तर ही ओट्याशी उभी, चेहरा नुसता फुललेला.

"आई, बघा ना! सोडा लावून तासभर घासली. बाबा खूश होतील ना? केवढी घाण होती आत!"

किटली आतून दुधासारखी पांढरी. माझ्या तोंडचं पाणीच पळालं. चूक माझी, तिला सांगायचंच राहिलं होतं. आता सांगितलं तसे तिचे डोळे भरून आले.

"ते मला कधीच माफ करणार नाहीत. मी माहेरी जाऊ का चार दिवस?"

"कुठेही जायचं नाही. गप बस आणि पाणी उकळायला ठेव."

चारला हे वर आले. चहा मुरला, ओतला, यांनी पहिला घोट घेतला. आम्ही दोघी श्वास रोखून उभ्या.

"वा! आज काय झकास उतरलाय! बघितलंत? ही त्या थराची करामत!"

मला हसू आवरेना. पण सुनेला राहवलं नाही.

"बाबा, थर नाहीये. मी घासून काढला. मला माहीत नव्हतं हो."

यांनी झाकण काढलं, किटली खिडकीपाशी नेली आणि कितीतरी वेळ आत बघत राहिले. मी पदर खोचून पुढे झाले.

"पोरीला एक शब्द जरी बोललात ना..."

"तू थांब गं." मग तिच्याकडे वळून म्हणाले, "तुझं वय काय?"

"पंचवीस," ती कशीबशी म्हणाली.

"म्हणजे पुन्हा तेवढा थर बसेपर्यंत तू छप्पन्नची होशील." यांनी टोपडं उचलून तिच्या हातात दिलं. "मी काही तोवर टिकत नाही. उद्यापासून चारचा चहा तू करायचास, विसळायचीही तूच. एकतीस वर्षं हे घर सोडून कुठे जायचं नाही, कळलं?"

पोर टोपडं छातीशी धरून हसत हसत रडायला लागली. आणि खोटं कशाला बोलू, मीही रडले. यांनी मात्र कप पुढे केला आणि म्हणाले, "अजून अर्धा ओत, सूनबाई."