हिरूबाबांची हद्द ओढ्यापाशी थांबली

हिरूबाबा आज सकाळी गेले आणि सॉफ्टवेअर दुपारी सुधारलं.

याच क्रमाने. मुद्दाम लिहून ठेवतोय.

हिरूबाबा म्हणजे डोळखांबच्या पुढच्या एका पाड्यावरचे म्हातारबाबा. वय विचारलं की म्हणायचे, "तुला वाटंल तेवढा लिव."

त्यांच्या वनजमिनीच्या दाव्याची फाईल एक संस्था तयार करत होती. संस्थेचं नाव लिहीत नाही. माणसं चांगली आहेत, अहवाल फार सुंदर छापतात.

माझं काम एवढंच. शहापूरहून लॅपटॉप घेऊन जायचं, बाबा सांगतील तशी जमिनीची हद्द टाइप करायची, शेवटी मशीनवर त्यांचा अंगठा घ्यायचा. मी आयुष्यात कोणाला शिकवलं नाही, पण चष्मा आणि लॅपटॉप बघून बाबा मला मास्तर म्हणायचे.

आता बाबांची पद्धत ऐका.

हद्द ते बसल्या जागी चालायचे. डोळे मिटून. वाघदेवाच्या दगडापासून निघायचं, मग मोहाचं झाड, मग ओढा, ओढ्यापलीकडचा नाचणीचा वरकस, म्हणजे डोंगरउतारावरची हलकी जमीन, मग मोठा कातळ, आणि फिरून वाघदेव.

मध्ये कोणी तोडलं तर तिथूनच पुढे नाही जायचं. परत वाघदेव. देवाला पाठ दाखवून अर्ध्यातनं कसं निघणार?

आणि आता सॉफ्टवेअरची पद्धत ऐका.

मी पाड्यावर टाइप करतोय. तिकडे शहरात एसीत बसलेलं कोणी तरी त्याच परिच्छेदात बाबांच्या नावातली वेलांटी दुरुस्त करतं. ती दुरुस्ती तिकडून निघते लगेच. इकडे पोचते डोळखांबच्या डोंगराला वाटेल तेव्हा. आणि पोचते ती एकटी नाही, परिच्छेदाची जुनी कॉपी बरोबर घेऊन. ती थेट माझ्या मजकुरावर येऊन बसते.

पहिल्या दिवशी आम्ही ओढा ओलांडला आणि मजकूर गेला.

"बाबा, परत सांगाल?"

"पुसला? मी तर आत्ता सांगितला!"

परत वाघदेव. दुसऱ्या खेपेला कातळापर्यंत पोचलो. परत गेला.

मी तिथूनच संस्थेच्या ऑफिसात फोन लावला. तिकडचे सर अत्यंत नम्र.

"सर, तुमच्याकडे नेटवर्क स्लो आहे."

"नेटवर्क स्लो आहे हे आमचं नशीब. उशिरा आलेला अपडेट माझ्या लिहिण्यावर बसतो, हे तुमचं काम आहे. मी ज्या परिच्छेदात लिहितोय तेवढा लॉक करा. माझं होईपर्यंत अपडेट बाहेर थांबू दे. नाहीतर अपडेट येत असेल तेव्हा मला थांबवा. अख्खी फाईल नका बंद करू, तेवढाच तुकडा."

"लॉक केलं ना सर, तर युजरला अडकल्यासारखं वाटतं."

युजर समोर डोळे मिटून तिसऱ्यांदा वाघदेवापाशी उभा होता.

बाबांनी विचारलं, काय म्हणतो तो? मी जमेल तसं समजावलं. बाबा हसले.

"आमी खळ्यात भात मोजतो तवा कोणाला आत पाय टाकू देतो काय? बाकी शेतात फिर ना, कोण नाय बोलत. खळ्यात नको. एवढा पण नाय कळत त्यांना?"

नाही कळत, बाबा. त्यांच्या घरी भात पिशवीतून येतो.

त्या दिवशी मी हद्द आधी कागदावर उतरवली. मग टाइप केली. वाचून दाखवली. बाबांनी मान डोलावली आणि अंगठा लावला.

एकदा अंगठा लागला की मजकूर सील. मला त्यात एक स्वल्पविरामही हलवता येत नाही. बदल करायचा तर नवा अंगठा लागतो.

सर्व्हरला मात्र लागत नाही.

सील झाल्यावर सकाळचा कुठला तरी रेंगाळलेला अपडेट पोचला, आणि परिच्छेद ओढ्यापाशी संपला. खाली बाबांचा अंगठा, स्वच्छ, ठसठशीत. म्हणजे कागदोपत्री बाबांनी कबूल केलं की ओढ्यापलीकडे त्यांचं काही नाही. नाचणीचा सगळा वरकस गेला. जन्मभर ज्यात राबले, तो.

माझ्या हातातला कागद? "सर, हस्तलिखित आम्ही घेत नाही."

नवा अंगठा घ्यायला येत्या मंगळवारी जायचं ठरलं होतं.

आज सकाळी बाबांची सून मंजुळा हिचा फोन आला. "मास्तर, बाबा नाय रायले."

दुपारी त्यांना पोचवून ओटीवर बसलो होतो तेव्हा ग्रुपवर सरांचा मेसेज आला. नव्या व्हर्जनमध्ये आता लिहिणं चालू असलेला परिच्छेद लॉक होतो. खाली टाळ्यांचे सतरा हात.

मी एकही टाळी दिली नाही. एवढंच लिहिलं, "ज्यांच्यासाठी मागितलं होतं ते आज गेले." त्यावर एकाने हात जोडलेले पाठवले आणि दुसऱ्याने चुकून टाळ्याच.

मंजुळा भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, "दहावा झाला की या. हद्द मी सांगतंय."

"तुला येते?"

"तीनदा सांगितली ना त्यांनी तुमाला. मी हितंच तर बसली होती. तुमच्या मशिनीला नाय ऱ्हायली ध्यानात, मला ऱ्हायली."

आणि तिने हळू आवाजात सुरू केलं. वाघदेव. मोहाचं झाड. ओढा.

ओढ्यापाशी मी मान वर करून तिच्याकडे बघितलं.

ती थांबली नाही. वरकस, कातळ, सगळं फिरून आली.

संस्थेतल्या मित्रांनो, याचं श्रेय घेऊ नका. बाबांना तीनदा सांगावं लागलं म्हणून सुनेला पाठ झालं, हे तुमचं फीचर नव्हे. आणि वारस म्हणून तिची फाईल नव्याने उभी करायची, पुन्हा सगळे कागद, पुन्हा सगळ्या खेपा, हे तुमच्या अहवालात कुठल्या पानावर छापणार तेही कळवा.

बाबा, तुमचा अंगठा घेताना मशीन माझ्या हातात होतं. मला माफ करा.

मनापासून नमस्कार. सुखाने जा.